गुडघ्याची वाटी आणि पगाराचा खाडा

गुडघा आपल्या लोकांना फार आधीपासून ठाऊक. पण गुडघ्याला वाटी असते, हे ती फुटल्यावरच कळतं. जिना चढताना, मोर्च्यात चालताना, पोत्याखाली उभं राहताना ती मुकाट काम करते. मुकाट काम करणाऱ्याची दखल घेण्याची रीत या देशात नाही. ती फुटली की माणूस खाली येतो आणि त्याच्या मागोमाग त्याचं घर.

मित्रांनो, या पानांवर तुम्ही कविता वाचता, ठराव वाचता. आज एका हाडाबद्दल वाचा. नाक मुरडू नका. उद्या तुमच्याच वस्तीत कुणीतरी पडणार आहे आणि धावत बोलवायला तुम्हालाच येणार आहेत. तेव्हा घोषणा कामाची नाही. पाय कसा बांधायचा आणि केसपेपरवर काय लिहून घ्यायचं, हे ठाऊक पाहिजे.

2022 चा जुलै. मी एका गोदामात ठेकेदाराच्या हाताखाली हमाली करत होतो. बी.ए. झालेला हमाल. त्यात नवल काही नाही, आमच्या टोळीत आणखी दोन पदवीधर होते. ट्रकपासून ओट्यापर्यंत टाकलेली फळी पावसानं बुळबुळीत झालेली. ती बांधायला दोर मागितला होता, मिळाला नव्हता. पाठीवर 50 किलोचं पोतं. फळी सरकली. उजवा गुडघा ओट्याच्या सिमेंटच्या काठावर बसला. काट् असा आवाज झाला. तो माझ्या अंगातून आला हे मला उशिरा कळलं.

चार जण धावले. एकानं खोबरेल तेल आणलं, चोळायला बसला. आमच्यातला जुना हमाल ओरडला, "ए, चोळू नगा. हाड असंल. हलवू बी नगा." त्यानं खोक्याच्या दोन फळ्या मोडल्या, पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या, मांडीपासून घोट्यापर्यंत गमज्यानं बांधल्या. पाय सरळ. त्या म्हाताऱ्याला सही येत नाही. पण डॉक्टरनं नंतर ती बांधणी बघून विचारलं, कुणी केलं हे?

रिक्षात मुकादम शेजारी बसला. वाटेत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे बघ, तिथं सांग की घरी मोरीत पडलो. बाकीचं शेठ बघून घेतील." त्या घटकेपर्यंत त्यानं माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता.

अपघात विभागात डॉक्टरनं विचारलं, "कसा पडलास?" माझ्याआधी मुकादमच बोलला, "घरी, साहेब." मी म्हणालो, "कामावर. पोतं उतरवताना. गोदामात." डॉक्टरनं दोघांकडं बघितलं आणि मी सांगितलं तसं लिहिलं. पोलीस नोंदीचा शिक्काही मारला. मुकादमाला तेवढ्यात फोन आला. तो बोलत बोलत बाहेर गेला तो परत दवाखान्यात दिसला नाही.

मग डॉक्टरनं मला आडवं केलं. म्हणाला, "गुडघा सरळ ठेवून टाच गादीवरून उचल." मी हुकूम सोडला. पाय तिथंच. पुन्हा सोडला. पाय माझा, पण ऐकेना. हीच ती परीक्षा. गुडघ्यावर आपटून पडलेल्या माणसाची टाच अशी उचलेनाशी झाली, तर वाटी तुटली असेल किंवा वाटीला धरणारा दोर तुटला असेल असं समजा आणि सरळ एक्स-रेच्या दारात न्या. हाडवैद्याकडं ओढाताण करायला नेऊ नका. गुडघा टरारून सुजतो, कारण फुटलेल्या हाडातलं रक्त सांध्यात साठतं. वर जखम असेल तर घाई दुप्पट करा. तिथून जंतू थेट सांध्यात शिरतात.

वाटी म्हणजे काय, तेही ऐकून ठेवा. मांडीच्या पुढचा जाडजूड स्नायू खाली येतो, त्याचा दोर होतो आणि तो नडगीच्या हाडाला बांधलेला असतो. वाटी त्या दोरातच बसवलेली आहे. विहिरीवरची कप्पी जशी दोर उचलून धरते तशी ती दोराला सांध्यापासून पुढं धरते. म्हणून कमी जोरात पाय सरळ होतो. आता ही वाटी मधोमध आडवी फुटली की वरचा तुकडा मांडी वर ओढते, खालचा तुकडा नडगी धरून ठेवते. रस्सीखेच सुरू. मधे फट. माझ्या फोटोत ती बोटभर दिसत होती. फट नसेल, तुकडे जागच्या जागी असतील आणि टाच उचलता येत असेल, तर प्लास्टरवर किंवा पट्ट्याच्या ब्रेसवर चार-सहा आठवड्यांत भागतं. फट पडली की ऑपरेशन.

या ऑपरेशनाला इतिहास आहे. 1877 साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात जोसेफ लिस्टरनं फुटलेली वाटी उघडून चांदीच्या तारेनं बांधली. त्या काळी धडधाकट कातडीखालचा सांधा उघडायचा म्हणजे जखम सडून माणूस दगावण्याची भीती. लिस्टर कार्बोलिक ॲसिडनं जंतू मारून काम करायचा, म्हणून ते जमलं. पुढं 1937 साली ब्रूक नावाच्या इंग्रज सर्जननं उलटं मांडलं. फुटलेली वाटी काढूनच टाका, तिच्यावाचून काही अडत नाही. कित्येकांच्या वाट्या काढल्या गेल्या. नंतर मोजून बघितल्यावर कळलं की पाय सरळ करायचा जोर घटतो. मुकाट काम करणाऱ्याला काढून टाकावं आणि मग त्याची किंमत कळावी, हे दवाखान्यातही घडतं तर!

आता स्टीलच्या दोन सळ्या तुकड्यांतून उभ्या घालतात आणि त्यांच्याभोवती वाटीच्या पुढच्या अंगानं इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तार आवळतात. पाउवेल्स नावाच्या जर्मन डॉक्टरनं या बांधणीमागचं तत्त्व हाडांना लावून दाखवलं. गंमत अशी की गुडघा वाकवला की जो ताण तुकडे फाकवायचा, तोच ताण या तारेमुळं तुकड्यांना एकमेकांवर दाबतो. म्हणजे वाकवल्यानं हाड जुळतं.

कमरेत इंजेक्शन देऊन माझं ऑपरेशन झालं. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं, "गाव कुठलं?" सांगितलं. "आडनाव?" सांगितलं. मोबाईलवर बाबासाहेबांचा फोटो होताच. त्यानंतर त्याच्या बायकोनं आमच्या दोघांच्या मधल्या कपाटावरचा आपला तांब्या उचलून पलीकडं ठेवला. शब्द एक नाही. दोघांच्याही अंगात एकाच रक्तपेढीचं रक्त चढत होतं. ते मात्र त्यांना चाललं.

आणि वॉर्डातली मावशी. बेडपॅन उचलणारी, फरशी पुसणारी, ठेक्यावरची. रात्री तिनं हळूच "जयभीम" घातला. म्हणाली, "बाळा, खाटेवरून उतरताना दुखरा पाय आदी सोडायचा न्हाई. चांगल्या पायावर भार घे, दुखरा म्होरं ठिव." फिजिओथेरपीच्या मॅडमनं दुसऱ्या दिवशी येऊन तेच सांगितलं, फक्त शुद्ध भाषेत.

पाचव्या दिवशी सुट्टी झाली. लोक म्हणाले, झालं, सुटलास. खरं दुखणं तिथून पुढं आहे, दोस्तहो.

आमची खोली दहा बाय बारा. संडास सार्वजनिक, उकिडवं बसायचं. पाय सरळ बांधलेला माणूस उकिडवा कसा बसणार? वस्तीतल्या एका प्लंबर पोरानं प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून दिलं. आईनं खोलीच्या कोपऱ्यात साडीचा पडदा लावला. तिशीतला पोरगा आईसमोर त्या खुर्चीवर. हे कुठल्या कागदावर लिहून देत नाहीत.

मॅडमनं व्यायाम दिले होते. घोटा वरखाली हलवत राहायचं, म्हणजे पोटरीत रक्त गोठत नाही. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. टाक्यांतून पू आला, ताप आला, तरी तसंच. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, दहापर्यंत मोजायचं. पाय सरळ उचलायचा. मग टाच गादीवरून हळूहळू आपल्याकडं सरकवायची. आमच्याकडं गादी नाही, चटई. आईनं चटईवर प्लॅस्टिकची पिशवी टाकली, वर पावडर. टाच सरकायला लागली.

मांडी वाळत चालली होती. आईनं सुतळीनं दोन्ही मांड्या मोजल्या आणि सुतळीला गाठी मारल्या. उजवीची गाठ डावीच्या गाठीपासून तीन बोटं अलीकडं. स्नायू असा भराभर आटतो आणि परत भरायला महिने घेतो.

दवाखान्यात मॅडम कोन मोजायच्या. तिसऱ्या आठवड्यात 40 अंश. सहाव्या आठवड्यात 80. त्या म्हणायच्या, "वाकव. अजून वाकव." मी घामानं भिजलेला, दात आवळलेले. मला हसू आलं. 'वाकणार नाही, झुकणार नाही' म्हणत आमची जवानी गेली आणि ही बाई सांगतेय, वाकव!

त्यावर मी पडल्या पडल्या पुष्कळ विचार केला. माझ्या आज्याचा गुडघा पूर्ण वाकायचा. पाटलाच्या ओसरीखाली, उन्हात, हुकमाची वाट बघत तो तास तास उकिडवा बसायचा. त्याला वर बसायची मुभा नव्हती आणि आपल्या मर्जीनं उठायचीही नव्हती. त्याचा सांधा निकोप होता. मी वाकवतो तो उठून उभं राहण्यासाठी. जो गुडघा वाकतच नाही त्यालाही उभं राहता येत नाही, त्याला दुसऱ्यानं उचलावं लागतं. हाड शिकवतं ते असं.

खुर्चीवर नीट बसायला गुडघा साधारण 90 अंश वाकावा लागतो. खुर्चीवाल्याचं आयुष्य तिथं भागतं. आपल्या माणसाला मांडी घालायची असते, संडासाला उकिडवं बसायचं असतं, विहारात पंचांग प्रणाम करायचा असतो, ओझं उचलायला खाली बसून उठायचं असतं. उकिडवं बसायलाच 130 च्या आसपास किंवा वर जावं लागतं. म्हणजे ज्याच्याकडं कमी पैसा त्याला जास्त कोन लागतो! आणि तो कोन मिळवायला लागतात दिवस. हाड दीड-दोन महिन्यांत जुळू लागतं, पण ताकद आणि वाकणं परत यायला तीन ते सहा महिने जातात. बिडी ओढणाऱ्याचं हाड आणखी रखडतं. पोटात भाकरीबरोबर डाळ, अंडं लागतं. आठवड्यातून दोनदा फिजिओला जायचं तर रिक्षाचे जाऊन-येऊन 160 रुपये. विभाग पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मोडक्या गुडघ्याच्या माणसांनी जिना चढून गुडघ्याच्या उपचाराला यायचं!

माझ्याबरोबर त्याच आठवड्यात वाटीचं ऑपरेशन झालेला एक बिगारी होता. तारही तीच, सळ्याही त्याच. तो दोनदा आला, मग बंद झाला. पाचव्या आठवड्यात तो कामावर चढला, कारण घरात खाणारी पाच तोंडं. पुढं बसस्टॉपवर भेटला. गुडघा 50-60 अंशाच्या पुढं जात नव्हता. ताठ पाय बाहेर काढून चालत होता. डॉक्टरच्या लेखी त्याचं हाड जुळलं होतं, फोटो चांगला होता. तार हाडाला जोडते, पण गुडघा दिवस जोडतात. ते दिवस फुकट मिळत नाहीत. माझी हजेरी 450 रुपये होती. पडल्या दिवसापासून ती बंद. 'खाडा' हा शब्द आपल्याकडं लहान पोरालाही कळतो.

हे दिवस कुणी द्यायचे? हा प्रश्न बाबासाहेबांच्या टेबलावर होता. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1943 साली, प्रा. अडारकरांकडं कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम दिलं गेलं. 1944 ला त्यांचा अहवाल आला आणि त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. आजारी कामगाराला औषधाबरोबर घरी पडून राहायच्या दिवसांचा पैसा मिळाला पाहिजे, कामावर इजा झाली तर जास्त मिळाला पाहिजे, ही त्यातली गोष्ट मला पोटभर पटली ती चटईवर पडून. कामावरच्या अपघाताची भरपाई हा तर 1923 सालच्या कायद्यापासूनचा हक्क, आणि ठेकेदार हात झटकू लागला तर मूळ मालकाकडंही बोट दाखवता येतं. हमालांसाठी महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा आला. कायदे आहेत. आमच्या टोळीची नोंद मात्र कुठंच नव्हती. कागदावर आम्ही त्या गोदामात नव्हतोच. जो नव्हताच तो पडेल कसा? म्हणून मुकादमाला ती मोरी पाहिजे होती.

इथं मला चाळीसगाव आठवतं. 1929 साली अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. धुळ्याकडून परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी आग्रह केला म्हणून ते तिथं उतरले. स्टेशनवर बराच वेळ वाट बघावी लागली, मग टांगा आला. वाटेत नदीवरच्या फरशीच्या पुलावर चाक दगडावर आदळलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, टांगा घोड्यासकट नदीत गेला. त्यांच्या पायाचं हाड मोडलं, कित्येक दिवस ते पडून होते. वरवर बघता टांग्याचा अपघात. बाबासाहेबांनी मात्र चौकशी केली आणि कारण शोधलं. एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. पाहुण्यानं पायी यावं हे महारवाड्याला कमीपणाचं वाटलं. मग तोड निघाली की टांगा भाड्यानं द्यायचा, हाकायचा मात्र आपल्यातल्याच कुणीतरी. हाकणाऱ्याला सवय नव्हती. हे सगळं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलं. 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ती पुस्तिका छापली. पोरांनो, ती वाचा. बॅरिस्टर झालेल्या माणसाचा पाय जातीनं कसा मोडला, ते त्यात आहे. आणि मोडलेल्या हाडाचं कारण कसं लिहायचं, तेही आहे.

एक्स-रेत फट दिसते. सुटी फळी, न दिलेला दोर, नसलेली नोंद दिसत नाही. ती आपण लिहायची, नाहीतर कुणी लिहीत नाही. केसपेपरवरच्या त्या एका ओळीच्या जोरावर माझा भरपाईचा दावा उभा आहे. साक्षीला तो जुना हमाल आला, एका दिवसाचा खाडा करून. ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून बंद केलं. आता तोही आमच्याबरोबर आहे. तारखा पडताहेत.

माझा गुडघा आता 125 अंश वाकतो. मांडी घालता येते, थोडी वाकडी. उकिडवं बसताना हात टेकावा लागतो. थंडीत तारेची टोकं कातडीखाली टोचतात. पुष्कळांना टोचतात, हाड पक्कं झाल्यावर डॉक्टर ती काढून देतात. गुडघ्यावर भार देऊन टेकणं जमत नाही, म्हणून विहारात मी खुर्चीवर बसून वंदना म्हणतो. पहिल्यांदा संकोच वाटला. एक म्हातारी म्हणाली, "बुद्धाला काय गुडघं मोजायचं हाय व्हय?"

माझा वॉकर, ती भोक पाडलेली खुर्ची आणि पट्ट्यांची ब्रेस आता समाजमंदिरात ठेवली आहे. ज्याला लागेल त्यानं न्यावी, बरं झालं की धुऊन परत आणावी. दोन पोरं पडलेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा फिजिओला नेण्याची पाळी लावतात. रिक्षाचा खर्च जयंतीच्या वर्गणीतून बाजूला काढतो. डीजेचे थोडे आवाज कमी झाले तरी चालतील, असं मीटिंगमध्ये भांडून ठरवलं. सोबत एक वही आहे. नाव, तारीख आणि कुठं कसा पडला, असे तीन रकाने. आतापर्यंत सात नावं झाली.

सातवं नाव एका धुणीभांडी करणाऱ्या बाईचं. ओल्या जिन्यावरून घसरली, वाटीला तडा, ऑपरेशन लागलं नाही. ब्रेस न्यायला तिची पोरगी आली. तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं विचारलं तर म्हणाली, "लिवा की, घरी पडली."

वही लिहिणाऱ्या पोरानं पेन तसंच धरून ठेवलं. म्हणाला, "ताई, कुणाच्या घरी?"